टोकावड्याचे गव्हर्नर आणि पोपटी साडी

आमच्या टोकावड्यात एक गव्हर्नर राहतात. राजभवनातले नव्हेत, बँकेतले. खरं नाव कमळाकर देसले. तीस वर्षं त्यांनी मुंबईला फोर्टात एका बँकेच्या मुख्य कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी परतले. कुठल्या खात्यात होता असं कोणी विचारलं की ते सांगतात, "अर्थशास्त्र विभाग." यात खोटं काही नाही. त्या विभागाला सकाळी अकरा आणि दुपारी चार वाजता चहा तेच नेऊन देत असत.

मी सुदाम. नाक्यावर, माळशेजच्या रस्त्याला लागून, माझं कापडाचं दुकान आहे. साड्या, टॉवेल, टोप्या, खण, असा सगळा आहेराचा माल. दुकानाबाहेर एक बाक आहे. तो मी गिऱ्हाइकांसाठी ठेवला होता, पण गव्हर्नर गावी आल्यापासून त्यावर गिऱ्हाईक बसलेलं मला आठवत नाही. ते साडेआठला येतात, माझं वर्तमानपत्र माझ्याआधी उघडतात, पहिली आठ पानं सोडून देतात आणि नवव्या पानावर अमेरिकेच्या मोठ्या बँकेने काय केलं ते वाचतात. मग ते मला सांगतात. मला नको असलं तरी सांगतात.

हे ज्ञान त्यांना कसं मिळालं तेही सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. चहाचा कप टेबलावर ठेवताना साहेब लोकांचं एक वाक्य कानावर पडायचं. रिकामा कप उचलायला गेलं की शेवटचं वाक्य. मधलं सगळं बोलणं कमळाकर पॅन्ट्रीत असताना व्हायचं. असं तीस वर्षं चाललं. त्यामुळे जगातल्या सगळ्या मोठ्या बँकांच्या धोरणांची सुरुवात आणि शेवट त्यांना पाठ आहे. मधला भाग त्यांनी स्वतः बसवलेला आहे.

गावी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दूधवाल्या भगीरथला सांगितलं, की दूध महागलं ते म्हशीमुळे नाही, अमेरिकेने नोटा जास्त छापल्यामुळे. भगीरथने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीपासून तो त्यांना गव्हर्नर म्हणायला लागला आणि महिन्याभरात सगळं गाव म्हणायला लागलं. कमळाकरांना यात थट्टा दिसली नाही. त्यांना वाटलं, उशिरा का होईना, बढती मिळाली.

"बघ सुदाम," ते बाकावरून समजावत, "बाजारात पैसा जास्त झाला की वस्तू महाग होतात. मग मोठी बँक काय करते? व्याज वाढवते, पैसा ओढून घेते. लोक हात आखडतात, भाव उतरतात. श्रीमंत देशांचा नियमच आहे, महागाई दोन टक्के. तीन नाय, एक नाय. दोन."

"दोनच का?"

"ते मधल्या बोलण्यात असणार," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

माणूस असा. कोणाचं वाईट चिंतणार नाही, कोणाचं ऐकणारही नाही. बायको भागीरथीवहिनी. नवरा तीस वर्षं मुंबईत खोलीवर राहून शनिवारी गावी यायचा, तेव्हा शेत, गुरं, सासू, पोरगी हे सगळं त्यांनी एकटीने ओढलं. पोरगी मनाली मुरबाडला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. घरात अर्थशास्त्र विभाग एकच, पण अर्थखातं पहिल्यापासून वहिनींकडे.

आता आहेराचं सांगतो. आमच्याकडे तुमच्या घरच्या लग्नात कोणी साडी दिली, की त्यांच्या घरच्या लग्नात तुम्ही साडी द्यायची आणि वर काहीतरी द्यायचं. कमी दिलं तर तोंड दाखवायला जागा नाही. बरोबरीने दिलं तर "मापात हाय हो" म्हणून पाठीमागे हसतात. म्हणजे आहेर फक्त वर जातो, खाली येत नाही. माझ्या लहानपणी खण-नारळावर भागायचं. मग साडी आली. मग साडी आणि टॉवेल-टोपी, मग दोन साड्या. वर मांडवात माईकवर नावानिशी पुकारतात, त्यामुळे लपवायची सोय नाही.

करोनानंतर लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा एका मांडवात माईकवर तीन साड्या पुकारल्या गेल्या. मी गव्हर्नरांना म्हटलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, "तात्पुरतं आहे. दोन वर्षं लग्नं अडली होती ना, म्हणून." त्या दिवसांत अमेरिकेची बँकही तिथल्या महागाईला तात्पुरतीच म्हणत होती, म्हणून त्यांना फार बरं वाटत होतं. मग थंडीत त्या बँकेने तो शब्द मागे घेतला. नवव्या पानावर ते वाचून गव्हर्नरांनीही माझ्या बाकावर बसून आपला शब्द मागे घेतला. ऐकायला मी आणि एक शेळी होतो.

पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत महागाई नऊ टक्क्यांवर गेली आणि आमच्याकडे आहेर चार साड्यांवर. तिथली बँक दर बैठकीत व्याज वाढवत सुटली. गव्हर्नर बाकावर तळमळायचे, कारण वाढवायला त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

वाट मीच दाखवली, चुकून. एकदा वैतागून म्हटलं, "चार-चार साड्या देतात म्हणता, मग माझ्या दुकानात माशा का?"

गव्हर्नरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. असं ते कधी करत नाहीत.

खरं म्हणजे उत्तर गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आहेरात आलेली साडी कोणी नेसत नाही. तिची घडी मोडायची नाही, पेटीत ठेवायची, आणि पुढच्या लग्नात पुढे सारायची. हे सगळ्या करतात आणि कोणी बोलत नाही. पण गव्हर्नरांना तो शोध वाटला आणि शोध म्हटला की पुरावा हवा. त्यांचं अक्षर चांगलं म्हणून लग्नात आहेराच्या टेबलावर नावं लिहायला त्यांनाच बसवतात. तिथे बसून त्यांनी एका साडीच्या घडीच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाने बारीक ठिपका दिला.

ती साडी सांगण्यासारखी आहे. रंग पोपटी, काठ जांभळे, आणि अंगभर केशरी कोयऱ्या. कापड असलं पॉलिस्टर, की प्रलय झाला तरी ती घडीसकट वर तरंगेल. मी आयुष्यभर साड्या विकल्या, वाईटही विकल्या, पण ती बघून मलाही दुकान बंद करावंसं वाटलं.

"ही ज्याने विकत घेतली," गव्हर्नर म्हणाले, "त्या माणसाला डोळे नसणार."

"किंवा बायको नसणार," मी म्हटलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

घरी जाऊन त्यांनी हे वहिनींनाही सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "असंल कोनी भोळा बाबा," आणि सूप घेऊन आत गेल्या. हे गव्हर्नरांनी मला जसंच्या तसं सांगितलं. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, यावरून आमची अक्कल कळावी.

दीड हंगामात ती साडी अकरा लग्नांना हजर राहिली. टोकावड्यातून मुरबाड, तिथून शहापूर, शहापूरहून डोळखांबच्या एका पाड्यावर, परत मुरबाड. एकदा तर सकाळच्या मांडवात ती नवरीच्या आईला मिळाली आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या मांडवात नवऱ्याच्या आत्याला. एसटी इतक्या फेऱ्या करत नाही. दर वेळी गव्हर्नर ठिपका बघत आणि मला फोन करून फक्त आकडा सांगत. "नऊ." "दहा." अकराव्या वेळी ते दुकानात आले.

"सुदाम, ही साडी नाय. ही नोट आहे."

मग त्यांनी सगळं उलगडलं. मुरबाड-शहापूरकडे खऱ्या साड्या थोड्याच असतील, पण फिरतात म्हणून ढीगभर वाटतात. फिरतात म्हणून फुकटच्या वाटतात, आणि फुकटच्या वाटतात म्हणून लोक एकाच्या जागी चार देतात. उपाय एकच, चलन ओढून घ्या. एकदा नेसली, धुतली, की साडी आहेरात देता येत नाही. तेव्हा प्रत्येक बाईने आपल्या पेटीतल्या आहेराच्या साड्यांची घडी मोडावी. पुढे आहेर एकच साडी, तीही नवी, दुकानातली.

मी काही साधुसंत नाही. "दुकानातली" हा शब्द ऐकला आणि मला त्या धोरणात एकही खोट दिसेना. अमेरिकेलासुद्धा हे सुचलं नसेल असं मी त्यांना म्हणालो, आणि ते निघून गेल्यावर उल्हासनगरला फोन करून साड्यांचे दोन गठ्ठे मागवले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मारुतीच्या देवळात सगळ्या बायका जमल्या होत्या. तिथे जाऊन गव्हर्नरांनी धोरण जाहीर केलं. घडी मोडायचा दिवस गुढीपाडवा. पाडवाच का, तर यंदा त्याच दिवशी अमेरिकेच्या बँकेची बैठक आहे. दोन महिने आधी का सांगतोय, तर मोठ्या बँका नेहमी आधी सांगून ठेवतात, म्हणजे लोकांची तयारी होते. हे वाक्य त्यांनी कप ठेवताना ऐकलेलं होतं.

बायकांनी लगेच माना डोलावल्या. बचत गटाची अध्यक्ष अंजू उठून म्हणाली, "बरं झालं, दादा. आमीपन कंटाळलोय." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बायका इतक्या पटकन ऐकतात तेव्हा त्यांनी काहीतरी वेगळंच ऐकलेलं असतं.

एकीने मात्र मान हलवली नाही. भागीरथीवहिनींच्या हातात तिळगुळाचं ताट होतं, ते त्यांनी खाली ठेवलं.

कारण मनालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा आटगावचा, प्रणित, स्वभावाने गरीब. पण त्याचं घर मोठं. आई, चार काकवा, तीन आत्या, मावश्या, आज्या, करवल्या, असं धरून एकतीस बायकांना मानाची साडी द्यावी लागणार होती. वैशाखातलं लग्न. आणि वहिनींच्या पत्र्याच्या पेटीत बरोबर एकतीस साड्या होत्या. नऊ वर्षं लागली होती त्याला. आहेरात आलेली बरी साडी बाजूला ठेवायची, वाईट पुढे सारायची, असं करत करत त्यांनी पोरीचा मान जमवला होता. पेन्शनमध्ये एकतीस नव्या साड्या बसत नव्हत्या हे मला माहीत होतं, कारण पेन्शन किती ते गव्हर्नर रोज सांगत. आता पाडव्याला ती पेटी उघडून सगळ्या घड्या मोडायच्या, असं ज्याने जाहीर केलं तो घरचाच माणूस होता.

त्याआधी लोकांची तयारी कशी झाली ते बघा. होळीच्या आधी शहापूरला पारूच्या रेश्माचं लग्न होतं. पारू म्हणजे गव्हर्नरांची धाकटी बहीण. पाडव्यानंतर पेटीतल्या साड्यांना किंमत नाही, मग त्या आधीच देऊन टाका, असा साधा विचार टोकावड्यातल्या प्रत्येक बाईने केला. कोणी सहा साड्या दिल्या, कोणी नऊ. माईकवरचा माणूस पुकारून पुकारून बसला, त्याला गूळ-पाणी द्यावं लागलं. एकशे चाळीस साड्या जमल्या. पारूने त्या घरी न्यायला टेम्पो सांगितला आणि नवरी दुसऱ्याच्या गाडीतून सासरी गेली.

गव्हर्नर आहेराच्या टेबलामागे साड्यांच्या ढिगाआड दिसेनासे झाले होते. मी वाकून बघितलं. ते म्हणाले, "आधी सांगायचं असतं हे मी ऐकलं होतं. सांगितल्यावर काय होतं ते बहुतेक मधे बोलले असतील."

मार्चमध्ये मी एकदा त्यांच्या ओटीवर चहाला बसलो होतो. अमेरिकेत दोन बँका बसल्याची बातमी होती. वहिनींनी विचारलं, "कशा काय बसल्या त्या?"

गव्हर्नर खुशीत आले. "त्यांनी बरीच वर्षं जुने सरकारी कागद जमवून ठेवले होते. कागद चांगले होते. पण वरून मोठ्या बँकेने व्याज वाढवलं, आणि त्या जुन्या कागदांची किंमत पडली."

"त्या बँकांची काय चूक?"

"तशी काय नाय. जपून ठेवलं हीच."

"म्हंजे माझी पेटी," वहिनी म्हणाल्या.

गव्हर्नरांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले. तो गारच होता.

पाडव्याच्या चार दिवस आधी मनालीचा साखरपुडा झाला. पारू आली. टेम्पोभर साड्यांतली एक तिने भावजयीला दिली. पोपटी, जांभळे काठ, केशरी कोयऱ्या. गव्हर्नरांनी कोपऱ्यातला ठिपका पाहिला आणि भर साखरपुड्यात माझ्या कानात म्हणाले, "बारा." वहिनींनी ती साडी दोन्ही हातांत घेतली. लगेच बाजूला ठेवली नाही. उलट जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघितलं आणि मग पेटीत टाकली. आता पेटीत बत्तीस झाल्या.

पाडव्याला सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या आणि दहाच्या सुमारास अंजू पंधरा-वीस बायका घेऊन देसल्यांच्या अंगणात आली. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, मी मोजपट्टी घेऊन गेलो होतो.

"दादा," अंजू म्हणाली, "आमच्या पेट्यांत मोडायला काय उरलं नाय. तुमच्यात हाय. गव्हर्नरच्या घरापासून सुरू करा."

भागीरथीवहिनी पेटी ओटीवर ओढून तिच्यावर बसल्या होत्या. हातात कुलपाची किल्ली. मनाली मागे दाराशी उभी. गव्हर्नर गुढीखाली उभे, डोक्यावर नवी टोपी, आणि चेहरा बघवत नव्हता. बोललं ते केलं नाही तर त्यांच्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. केलं तर पोरगी एकतीस बायकांपुढे खाली मान घालून सासरी जाणार होती. इतके दिवस मी त्यांची थट्टा केली, पण तेव्हा मला त्यांची दया आली. खिशातली मोजपट्टी मी आणखी आत ढकलली.

"एक तरी," ते हळूच बायकोला म्हणाले. "ती पोपटी. तिच्यापासून करू. मग बघू."

वहिनी उठल्या. पेटी उघडली, वरचीच पोपटी काढून त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा पेटीवर बसल्या.

साडी हातात आल्यावर गव्हर्नरांना जोर चढला. ते अंगणाकडे वळले. "ही बघा. बारा आहेर मी पाहिले हिचे, आधीचे देव जाणे. ज्याने ही पहिल्यांदा बाजारात आणली, त्याने सगळ्या तालुक्याची महागाई वाढवली. असली साडी कोणी नेसूच शकत नाय, म्हणून तर ती फिरली. सुदाम, तू कापडातला माणूस. बघ, ही कुठल्या दुकानातली."

माझ्या दुकानातली नाही याचा मला अभिमान होता. घडी न मोडता आतलं टोक कसं उचलायचं ते कापडवाल्याला येतं. मी उचललं. आत जांभळ्या शाईचा शिक्का होता. तो मनात वाचून मी गप्प बसायला हवं होतं. पण शिक्के मोठ्याने वाचायची मला जुनी सवय.

"कर्मचारी ग्राहक भांडार," मी वाचलं. "मुख्य कचेरी, फोर्ट. दिवाळी एकोणीसशे पंच्याण्णव."

मुरबाडपासून शहापूरपर्यंत त्या कचेरीत नोकरी केलेला माणूस एकच होता, आणि त्याचं लग्न पंच्याण्णवच्या मे महिन्यात झालं होतं.

आधी अंजू हसली. मग सगळं अंगण हसलं. मीही हसलो. गव्हर्नर साडीकडे बघत होते, जणू तीच काही बोलेल.

"ही मी आणली होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवाळीला."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "पारूच्या लग्नात दिली मी ती. नेसले असते तर लोक म्हनले असते, देसल्यांची सून पिंजऱ्यातून सुटली."

"आवडली नाय तर सांगायचंस ना मला."

"सांगून काय? मला वाटलं, ही गेली की तुमी दुसरी आनाल."

गव्हर्नर म्हणाले, "मला वाटलं, तुझ्याकडे एक आहे."

आता कोणी हसत नव्हतं. सत्तावीस वर्षं झाली होती. शेजारच्या गावात, मधल्या पाड्यावर, कुठल्या कुठल्या पेट्यांत ती साडी फिरत होती, आणि दर शनिवारी हा माणूस मुंबईहून रिकाम्या हाताने येत होता, कारण त्याच्या हिशेबी बायकोकडे त्याने आणलेली साडी होतीच. आणि ही बाई दुसरीची वाट बघत होती. मी हसलो होतो त्याची मला लाज वाटली.

वहिनींनी त्यांच्या हातातून साडी घेतली आणि आत गेल्या. किल्ली मनालीकडे देऊन गेल्या, म्हणजे विश्वास अजून पुरता बसला नव्हता. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या पोपटी साडी नेसून. केशरी कोयऱ्या उन्हात पेटल्या. घडीच्या खुणा अंगभर चौकटीसारख्या उठल्या होत्या, सत्तावीस वर्षांच्या. त्या ओटीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"गव्हर्नरच्या घरातली घडी मोडली का नाय, अंजू?"

"मोडली, वहिनी."

"सगळ्यांनी बघितली?"

"बघितली."

"मंग आता या पेटीला कोनी हात लावायचा नाय." त्यांनी मनालीकडून किल्ली घेतली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. अंजूने पुढे होऊन त्यांना हळदीकुंकू लावलं. पेटीत एकतीस राहिल्या होत्या.

गव्हर्नर मात्र बायकोकडे बघत होते. धोरण, पेटी, गर्दी, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. मनालीने दोनदा "बाबा, प्रसाद" म्हटलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

त्या रात्री अमेरिकेच्या बँकेने व्याज आणखी पाव टक्का वाढवलं. तिसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ते मला स्वतःच वाचावं लागलं, कारण गव्हर्नरांना नववं पान उघडायला सवड नव्हती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच साडेआठला ते आले, बाकाला वळसा घातला आणि सरळ दुकानाच्या आत येऊन गादीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"साडी दाखव," ते म्हणाले. "एक."

धोरणाच्या भरवशावर मागवलेले दोन गठ्ठे माझ्यामागे होते. मी एकेक साडी उलगडत गेलो. मरून, मोरपिशी, अबोली, चिंतामणी. त्यांनी प्रत्येक साडी हाताने चाचपली, उजेडात धरली, नको म्हणाले. तासभर गेला. मग त्यांनी मागच्या फळीवर बोट दाखवलं. तिथे मी मुद्दाम मागे सारलेली एक साडी होती, आणि ती पोपटी होती.

मी व्यापारी असलो तरी माणूस आहे. म्हटलं, "गव्हर्नर, ऐका माझं. मरून घ्या. पुन्हा तीच चूक नको."

"हीच दे," ते म्हणाले. "काल तिला शोभत होती."

मी गपचूप बांधून दिली. भाव पाडून दिली, हेही लिहून ठेवतो, कारण तसं मी करत नाही.

संध्याकाळी भागीरथीवहिनी दळण घेऊन दुकानावरून चालल्या होत्या. डोक्यावर पिठाचा डबा, अंगावर ती नवी पोपटी साडी, पदरावर पीठ सांडलेलं. मी गल्ल्यावरून उठून बाहेर आलो.

"वहिनी, एवढी नवी साडी आणि दळणाला? लगेच घडी मोडलीत?"

त्या थांबल्या. डबा सावरला.

"मोडायलाच हवी व्हती, भावोजी," त्या म्हणाल्या. "पेटीत ठेवली असती तर हीबी गेली असती कोनाच्या तरी लग्नाला."